अख्खा शर्ट

सौभाग्यवती कारभारणीस,

मी खुशाल आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं, खोकलाही गेला. काळजी करू नकोस.

तू शिवून पाठवलेला शर्ट घालून कारखान्यात गेलो. शेजारच्या मशीनवरच्याने विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" मी म्हणालो, "घरचा." कोणी शिवला ते नाही सांगितलं. मग आडोशाला जाऊन कॉलर उलटून पाहिली, शिवण ओढून पाहिली. एक खोट सापडली तर शपथ! तेव्हापासून डोकं तापलंय.

आपल्या दुकानात मी शर्ट शिवायचो आणि तू काज-बटणं करायचीस. आता धाकटा फोनवर सांगतो, "वहिनीने विजेवरची मशिनं घेतली, हाताखाली चार बायका आहेत, शाळेच्या गणवेशाचं काम मिळालंय, स्वतः स्कूटरवरून माल पोचवते." ऐकून छाती फुगली, असं लिहायला हवं. पण खरं सांगू? पोटात दुखलं. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितोय.

इथे मी दिवसभर फक्त डाव्या बाह्या जोडतो. उजवी जोडणारा वेगळा. आल्यापासून अख्खा शर्ट हाताखालून गेलेलाच नाही.

स्कूटर हळू चालव. आईचे गुडघे कसे आहेत? आणि माझ्या जुन्या पायाच्या मशीनवर कोण बसतं? कोणाला बसू देऊ नकोस.

बरं, तुला आणखी एक माणूस लागत असेल तर कळव. काज-बटणं मी कधी केली नाहीत, पण तू शिकवशील.

तुझाच,
डाव्या बाहीवाला