आतल्या टायरचा आवाज

बाबा, मी गाडी घेतली. जुनीच, दुसऱ्याने वापरलेली. चाकं चारच, तुमच्या ट्रेलरसारखी मोजत बसावं लागत नाही. तरी त्या चार चाकांपायी तीन आठवडे मी हैराण आहे. आईला कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचंय. चैत्र लागला, एक्सप्रेसवे तव्यासारखा तापतो आणि पुढे घाट. टायरमधली हवा चालत्या गाडीत दाखवणारं यंत्र बसवल्याशिवाय मी नेणार नाही, असं मी तिला सांगून बसले. आई म्हणाली, "गाडी हाय, तू हाय, मी हाय. मंग अडलंय काय?" तुमच्या वेळी हिने कधी असलं काही विचारलं नाही. मलाच विचारते.

हे यंत्र म्हणजे चार सेन्सर आणि समोर ठेवायचा एक छोटा पडदा, एवढंच. पण निवडायला बसलं की डोकं उठतं. टायरच्या आत बसवायचे सेन्सर चांगले म्हणतात, पण ते महाग, आणि चारही टायर उतरवावे लागतात. स्वस्तातले बाहेरून व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून लावायचे. ते कोणीही काढून नेईल, आणि हवा भरताना दर वेळी काढा, परत लावा. ऑफिसातला एक जण म्हणतो घे, दुसरा म्हणतो फुकट जातील. पंपावरचा मीटर तेहतीस दाखवतो, मी घेतलेला हातातला मीटर एकतीस. खरं कोणतं, याचं उत्तर कोणाकडे नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही. मी वहीत रोज आकडे लिहिते. तुमची ती टॉमी, तो लोखंडी दांडा, घेऊन टायर ठोकूनही पाहिले. या छोट्या टायरांचं मला काही कळत नाही. चारही सारखेच मुके.

शेवटी पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी घरी कोणी जेन्ट्स आहेत का विचारलं, असतील तर त्यांना घेऊन या म्हणाला. मी म्हटलं, गाडी मी चालवते. त्याने सगळ्यात स्वस्त सेट पुढे ठेवला. पडद्यावर चार आकडे, सुरेख दिसत होते. मी एकच प्रश्न विचारला, सेन्सर बंद पडला तर पडद्यावर काय दिसतं? त्याला प्रश्नच कळेना. मग माझ्या आग्रहाखातर त्याने एका सेन्सरमधली बॅटरी काढली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पडद्यावर बत्तीस. बराच वेळ झाला, तरी बत्तीसच.

"मॅडम, गाडीचं सामान घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?" तो हसून म्हणाला. "आकडा दिसतोय ना? म्हणजे ओके."

मला हसू आलं नाही. मला आपल्या कोन गावाजवळचा तो रस्ता आठवला.

मी दहावीत आहे. न्हावा शेव्याच्या बंदरात माल भरायला जायच्या आधी ट्रेलर रस्त्याकडेला उभा आहे, तुम्ही कागदपत्रं बघताय, म्हणजे कागद हातात धरून उभे आहात, कारण वाचून मी दाखवणार. त्याआधी टॉमी घेऊन प्रत्येक टायर ठोकायचं काम माझं. भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला भद्द करतो. मागच्या जोडचाकांत आतला टायर बाहेरच्याच्या आड असतो, तिथे वाकून, ग्रीसमध्ये खांदा घालून ठोकावं लागतं. तुम्ही पहिल्यांदा शिकवलंत तेव्हा म्हणालात, "भायेरचा बोलतो म्हनून आतल्याचं धरून चालू नको." त्या दिवशी माझा गणवेश नुकताच धुतलेला, पांढरा. डाव्या बाजूचे आतले टायर मी ठोकलेच नाहीत. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, सगले बरोबर हायेत. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. वस्तीत सांगत फिरायचात, आमची पोर शिकते, ती खोटं बोलत नाय.

त्या दिवशी बंदरातून माल घेऊन वर जाताना घाटात डावा आतला टायर फुटला, त्याने बाहेरचाही नेला. तुम्ही ट्रेलर कसा सावरलात, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. ट्रेलरचा मालक आपल्या दारात आला आणि सगळ्या आळीसमोर तुम्हाला बोलला, इतकी वर्षं गाडी चालवतोस, टायर ठोकता येत नाही? तुम्ही खाली बघून म्हणालात, "माज्याच हातून राह्यला." मी दाराआड पुस्तक धरून उभी होते. वाटलं, आता मला बोलाल, निदान बघाल. दुसऱ्या सकाळी तुम्ही टॉमी उचललीत आणि नेहमीसारखी माझ्या हातात दिलीत. तेव्हापासून मी एकही टायर सोडला नाही, बाबा. पण तोंडही उघडलं नाही.

मी तो स्वस्त सेट परत सरकवला. दुकानदाराने वैतागून तीन सेट काढले, प्रत्येकाची बॅटरी मी काढायला लावली. तिसरा थोडा महाग होता, पण सेन्सर गप्प झाल्यावर थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावरचा आकडा गेला आणि दोन आडव्या रेघा आल्या. म्हणजे मला माहीत नाही, असं तो सरळ सांगतो. तोच घेतला. दुकानदार म्हणाला, सगळे आकडा बघून घेतात, तुम्ही रेघा बघून घेतल्या.

रविवारी आईला घेऊन निघणार आहे. टॉमी डिकीत ठेवली आहे, काही उपयोग नसताना.

तुम्ही असता तर हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. डाव्या टायरापर्यंत आले असते, आणि तेवढ्या ओळी गाळून पुढचं वाचलं असतं.