साठीतल्या पुटकुळ्या

लाडक्या ताईस,

तुझी किडनी माझ्या पोटात छान रुळली आहे. पण साठीत माझ्या गालांवर पुटकुळ्या आल्यात, अगदी शाळेत तुला यायच्या तशा! मला वाटलं, किडनीबरोबर त्याही तूच दिल्यास. डॉक्टर हसले. "या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे. पण त्याच किडनी सांभाळतात."

लेक म्हणाली, "आई, माझ्या लग्नापुरत्या गोळ्या बंद ठेव ना. फोटो बघ कसे येतील!"

"फोटो गेले उडत. मावशीची किडनी रुसली तर तुझं लग्न कोण बघणार?"

हे पत्र मात्र पाठवत नाही. कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहात सिस्टरांची नजर चुकवून पुटकुळ्यांना लावायचीस ती टूथपेस्ट घेऊन धावत येशील, आणि ऑपरेशननंतर तुला अजून प्रवासाची परवानगी नाही.

तुझाच एक तुकडा सांभाळणारी,
धाकटी