अंगाऱ्याची डबी

श्रीधरराव यांस,
नमस्कार.

कौशल्या तुमच्या सक्करदऱ्याच्या योगवर्गाला येऊ लागल्यापासून तिला शांत झोप लागते. याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवेत. मानवत नाहीत.

पूर्वी तिचा जीव घाबरा झाला, हातपाय गार पडले की ती मलाच हाक मारायची. मी देवापुढची डबी उघडून तिच्या कपाळाला अंगारा लावायचो आणि हात धरून नाम घ्यायचो. लग्नापासून हे काम माझं होतं.

परवा हिंगण्याहून कामावरून आलो, तर ती डोळे मिटून, पोटावर हात ठेवून बसलेली. चेहरा पांढरा. मी धावत डबी आणली.

"थांबा न जी. श्रीधरभाऊनं सांगतलं तसा श्वास सोडून राहिली मी."

"मंग मी काय करू?"

"चहा मांडा."

मी देवापुढे जाऊन बसलो. नाम घ्यायला गेलो, तर ओठावर तुमचंच नाव, तेही शिवीसकट. मग माझीच छाती धडधडू लागली. कौशल्या येऊन मागे बसली. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माह्यासंगं हळूहळू सोडा."

"गॅस झाला असन," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातली डबी घेतली आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला. "आता तं सोडा!"

सोडला.

रविवारी ती मलाही वर्गाला आणणार आहे. येईन. तुमच्यासमोर सतरंजीवर बसेन. पण श्वास तिचा ऐकून सोडेन, तुमचा नाही. हे तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

कौशल्येचा नवरा,
लहानू