फाडलेलं मुखपृष्ठ

शनिवार, १३ जून १९९८

दादाला आज सांगून टाकलं एकदाचं. परवा तो सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला चाललाय. आता नाही तर कधी? लहानपणी त्याच्या लाडक्या कॉमिकचं मुखपृष्ठ मीच फाडून लपवलं होतं, आणि उंदरांवर ढकललं होतं.

चित्रात एवढीशी होडी आणि तिच्याखाली भलीमोठी काळी सावली. कशाची, ते दाखवलंच नव्हतं. म्हणूनच मनातून गेली नसावी ती सावली. आतली गोष्ट मात्र साफ विसरले.

बॅग भरता भरता दादा म्हणाला, "माहीत होतं. तुझ्या भूगोलाच्या वहीत बघितलं होतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"त्या सावलीच्या भीतीनं तू दिवा लावून झोपायचीस. म्हटलं, वेगळी शिक्षा कशाला?"

हसता हसता रडूच आलं. पण मोकळं वाटतंय. आता खुशाल जाऊ दे त्याला.