गुठळी की गाठ

आबा,

डॉक्टरबाई ‘माहीत नाही’ म्हणाल्या तेव्हा मला पहिला संशय त्यांचाच आला. इकोच्या पडद्यावर माझ्या हृदयाची झडप उघडझाप करत होती आणि तिच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी डुलत होतं. रक्ताची गुठळी असेल तर गोळ्यांनी विरघळेल, गाठ असेल तर छाती उघडायची. एवढी मशिनं असून फरक कळत नाही? मी उभं राहून भाषणच ठोकलं. जुन्नरच्या, मंचरच्या चौकात जाब विचारतो त्याच आवाजात म्हणालो, आधी घाबरवायचं आणि मग कापायचं, हा धंदा आहे तुमचा.

“झालं, भाऊ? बसा आता,” त्या म्हणाल्या. “शिरेतून औषध सोडून एमआरआय काढला ना, गाठीला रक्त पोचतं म्हणून ती उजळते. गुठळी काळीच राहते. पण तुमचं हे इतकं लहान आहे, इतकं हलतंय, की चित्र पुसट आलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्या, मग परत इको करू. विरघळलं तर गुठळी. तसंच राहिलं तर मला गाठीचा संशय.”

मी सगळी चित्रं घेऊन पुण्यात दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं नीट बघितलंही नाही. “गुठळीच आहे, शंभर टक्के!” त्याचा तर मला जास्तच संशय आला.

तेव्हा तुम्ही आठवलात: बेल्ह्याच्या बैलबाजारात तुम्ही उपरण्याखाली बोटं दाबून भाव करताय, व्यापारी बैलाचे गुण गातोय, आणि तुम्ही म्हणताय, “राव, कीर्तन नको. बैल चालवा.” उभा बैल तुम्ही कधी घेतला नाही. एकदाच घेतलात, आपल्या म्हाताऱ्या बैलाच्या रंगाला रंग जुळला म्हणून. घरी येडगावात टेम्पोतून उतरला तो मागचा पाय ओढतच. आई म्हणाली, “चालवून बघितला न्हाई व्हय?” दावं बांधत, तिच्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, “लई मनात भरला व्हता. म्हणून नाय चालवला.”

दुसऱ्या इकोची तारीख मी दोनदा पुढं ढकलली आहे. सभा आहेत, असं सांगून. सभा एकही नाही. आणि घरी मी पुण्यातल्या त्या डॉक्टरचंच उत्तर सांगून ठेवलंय.