लेकीच्या घरचं पाणी

नागपूर
ता. २० फेब्रुवारी १९७४

श्री. मनोहरराव यांचे सेवेशी,
सौ. सिंधूचा सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचले. आम्हा बालवाडी शिक्षिकांची उतरायची सोय धंतोलीत आहे. संमेलनात वरण रोज पातळ आणि भाषणं घट्ट. तुमच्या चहाचे हाल होत असतील. साखर डावीकडच्या डब्यात आहे, उजवीकडे मीठ.

आपली गोपिका दोन्ही संध्याकाळी मला घ्यायला आली. काल अजबबंगला, आज महाराजबाग. पेंढा भरलेला वाघ पाहिला, जिवंतही पाहिला. जिवंत झोपलेला होता, म्हणजे मला दोन्ही सारखेच. पण पोरगी वाळली आहे हो. मी म्हटलं, लग्नाला सहा वर्षं झाली, तुझं सक्करदऱ्याचं घर मी एकदाही पाहिलं नाही, नुसतं डोळ्यांखालून घालते. तर म्हणाली, उद्या तेलंगखेडी, परवा अंबाझरी, आणि घरी आलेलं बाबांना चालायचं नाही. सासूबाईंचं विचारलं की हिला लगेच रिक्षा दिसते. माझं मन कशात लागत नाही. जाऊ का तिच्या घरी?

संत्र्यांचा ट्रक घेऊन आलेल्या रामाजींच्या हाती हे देते. उत्तर त्यांच्याच हाती पाठवा.

लोभ भरपूर असू द्या, राग बेताचा ठेवा.
तुमची सिंधू


काटोल
ता. २१ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

साखर सापडली, पण चहात मीठ पडल्यावर. म्हैस मले पाहून लाथा झाडून राहिली. तू तिकडे वाघ पाह्य.

गोपिकेच्या घरी काहून जायचं? लेकीले मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी आपल्यात पीत नाहीत, हे तुले नव्यानं सांगू का? माझ्या बाबानं पाळलं, मी पाळून राहिलो. आणि पाणी न घेता दारातून फिरलीस तर व्याही काय म्हणतील? एकदा पाळणा हलू दे, मग बारशाले मी संत्र्यांची गाडी भरून नेतो. आजवर मीच का तिचं घर पाहिलं? मले वाटत नसंल का?

पोरगी बागा दाखवून राहिली म्हणजे सुखातच आहे. उगाच जिवाले घोर लावून घेऊ नको वं. मात्र वाळली म्हणतेस ते मले आवडलं नाही. दोन डझन संत्री धाडतो, अंबाझरीलेच तिच्या हाती दे. घरी जायचं नाही म्हणजे नाही.

माया आहेच, लिहून दाखवता येत नाही.
मनोहर


नागपूर
ता. २३ फेब्रुवारी १९७४

श्री. मनोहरराव यांस,
सौ. सिंधूचा नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही. काल संध्याकाळी गोपिका अंबाझरीला आलीच नाही. संत्र्यांची पिशवी घेऊन मी तासभर तलाव पाहत बसले. आज शेवटचं भाषण सोडलं आणि रिक्षा करून सक्करदऱ्याला तिच्या सासरी गेले. विहीणबाईंनी दारातच सांगितलं की तुमची लेक दिवाळीपासून इथं नाही. सहा वर्षांत मूल नाही, मग घरात ठेवून काय करायचं, असं म्हणाल्या आणि वर मलाच चहा विचारला. 

शेजारच्या बाईनं पत्ता दिला. सक्करदऱ्याच्याच तलावामागे टिनाची एक खोली आहे. तुम्ही आंदणात दिलेल्या मशीनवर गोपिका ब्लाउज शिवते. काल कोणाच्या लग्नाची शिलाई द्यायची होती म्हणून आली नाही. जावई आठवड्यातून एकदा येतात, मान खाली घालून बसतात आणि आईनं हाक मारल्यासारखे उठून जातात. त्यांना चार शब्द सुनावायचे आहेत, ते पुढे पाहू.

मी रडले, भांडले. आम्हाला का कळवलं नाही, विचारलं. तर म्हणाली, कोणत्या घराचं कळवू? मूल नाही तर हे घर नाही, असं सासूबाई म्हणाल्या. बाबा तर सहा वर्षांपासून तेच म्हणतात, फक्त प्रेमानं म्हणतात.

माझ्यासाठी तिनं माठातून गिलास भरला आणि समोर ठेवता ठेवता मागे घेतला. मी हातातून ओढून घेतला. दोन गिलास प्यायले. आता मला काय बोलायचं ते बोला.

मी आज इथंच राहते आहे. म्हशीचं तुम्ही पाहा. पत्रावर तिचा पत्ता लिहिला आहे, वापरायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.
सिंधू


काटोल
ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. गोपिकेस अनेक आशीर्वाद.

बाई, तुह्या आईचं पत्र रामाजीनं वावराच्या धुऱ्यावर आणून दिलं. तिथंच बसून वाचलं. तुह्या सासूवर शिव्या तोंडात आल्या, पण एकही पुरी देता आली नाही. त्या बाईत आणि माझ्यात काय फरक राहिला, हेच समजून नाही राहिलं. मी रीत पाळत होतो. तुले काय ऐकू जात होतं, ते कधी मनात आलं नाही. माझं चुकलं पोरी.

शेजारचा नत्थूजी म्हैस पाहतो म्हणाला. हे पत्र आजच रामाजीच्या हाती धाडतो, उद्या पहिल्या गाडीनं मी येतो. मले वाघबिघ पाहायचा नाही, अंबाझरी नाही, काही नाही. तुही खोली पाहायची आहे. तुले यायचं असंल तर मशीन घेऊन काटोलले चाल, इथंच राहायचं असंल तर टिनाखाली गारव्याचं काही पाहू. तू म्हणशील तसं.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही, तरी ठेव.

काटोलहून निघताना घोटभरही पाणी पिणार नाही. रस्त्यातही नाही. माठ भरून ठेव.

तुहा बाबा