बिल्ड होईपर्यंतची कॉफी

ओउलू, मार्चअखेर

प्रिय (आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून नाइलाजाने आदरणीय) हेल्का हिस ओत्सोचा मनापासून नमस्कार.

तुझ्या आईचं मोडलेलं मनगट आता कसं आहे? स्वतःची कॉफी स्वतः ओतून घेतात का? तुमच्याकडचं इनारीचं तळं अजून दगडासारखं गोठलेलंच असेल. इकडे मी ठणठणीत आहे (खोकला सोडून, झोप सोडून आणि जेवणावरची वासना सोडून).

तू ऑफिसची काही खबर विचारली नाहीस, म्हणून मुद्दाम कळवतो. आपले साहेब, म्हणजे रेइमा, अजूनही दर दोन दिवसांनी येऊन विचारतात, "त्या पोहण्याच्या तलावाच्या ॲपचं व्हर्जन कितवं? किती जुन्या फोनवर चालतं? कॅमेऱ्याची परवानगी मागतं का?" तुला आठवतंय ना, एवढ्याशा उत्तरासाठी आपल्याला आख्खं ॲप बिल्ड करावं, म्हणजे मशीनवर पहिल्यापासून बांधून काढावं लागायचं. पाकिटावर काय छापलंय ते कळायला आधी लापशी शिजवायची, असला कारभार! मशीन घरघरत बसायचं आणि आपण कॉफीच्या खोलीत. तू वेलदोड्याचा पाव तोडून मोठा तुकडा स्वतः घ्यायचीस (हे मी इतकी वर्षं पाहून न पाहिल्यासारखं केलं) आणि विचारायचीस, "किती टक्के झालं रे?" मी म्हणायचो, "निम्मं." मग तू दुसरा कप ओतायचीस. कित्येकदा बिल्ड केव्हाच झालेलं असायचं. मी तरी "निम्मं"च म्हणायचो.

आणि मग माझ्या डोक्यात अक्कल शिरली. बिल्ड न करता प्रोजेक्टच्या फायली नुसत्या चाळून नाव, व्हर्जन, भाषा, परवानग्या, सगळं पटकन सांगणारं यंत्र, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, मी लिहिला. त्या दिवशी तू दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. "बिल्ड लावलंयस ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "आता लावावंच लागत नाही! हे बघ, झालंसुद्धा." तू पडद्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, "हुशार आहेस हो," म्हणालीस आणि दोन्ही कप घेऊन परत गेलीस. मला वाटलं, कौतुक केलंस. (कोणा गाढवालाही तसं वाटलं नसतं.) पुढच्या आठवड्यात तू नोकरी सोडून आईकडे निघाल्याचं मला भर मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या बरोबर कळलं. पूर्वी असतं तर ते तू मला बिल्ड अर्ध्यावर असतानाच सांगितलं असतंस. आणि मी काहीतरी बोललो असतो. काय ते ठाऊक नाही, पण बोललो असतो.

असो. यंत्राची कीर्ती नगरपालिकेपर्यंत गेली. फेब्रुवारीत तिथल्या बाई, श्रीमती ग्रानलुंड, ते बघायला आल्या. रेइमांनी ऐटीत तलावाचं ॲप यंत्राला दिलं आणि येईल ते मोठ्यानं वाचू लागले. फिनिश नाव, 'आमचा तलाव'. स्वीडिश नाव, 'रेइमा झोपलाय का बघ'. हेल्का, तू तात्पुरतं म्हणून टाकलेलं ते नाव गेली तीन वर्षं लोकांच्या फोनवर झळकतंय! बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा फोन स्वीडिशमध्ये आहे, त्यावर तेच दिसतं. आम्हाला वाटलं, तलावातल्या सुरक्षेची काही मोहीम असेल." रेइमा बीटसारखे लाल झाले, मग इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मीही हसलो आणि सवयीनं शेजारी तुझ्याकडे वळलो. शेजारी प्रिंटर होता.

आता सगळी उत्तरं क्षणात मिळतात, आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. कॉफीच्या खोलीत मी एकटा गेलो की रेइमा विचारतात, "काही बिघडलंय का?" मी म्हणतो, "नाही, सगळं झकास चाललंय."

आईंना नमस्कार.

तुझा,
ओत्सो

ता.क. तू इथे असताना बनवलेलं रानबेऱ्यांचं ॲप तेवढं यंत्राला वाचता येत नाही. त्याचं व्हर्जन तू अशा खुबीनं ठेवलंयस की बिल्ड करतानाच ते ठरतं. कितवं आहे ते कळव.

ता.क. २. कळवू नकोस. काल मीच ते बिल्ड केलं. मुद्दाम जुन्या मशीनवर. दोन कप मांडून बसलो होतो. पाव सगळा उरला.

ता.क. ३. या पाकिटावर तिकीट नाही हे पाहिलंस ना? पत्र मीच घेऊन आलोय. तू हे वाचतेयस तेव्हा मी तुझ्या दाराशी बूट काढत बसलो असेन. गाठ सुटत नाहीये असं दाखवेन. वाचून झालं की राहा म्हण, नाहीतर संध्याकाळची बस आहे म्हण. पण आधी काहीतरी म्हण.